न सोडणारे मणी

एकदा एक शिष्या मूठभर मणी घेऊन आपल्या गुरूंपुढे उभी राहिली. गुरू म्हणजे एक वयोवृद्ध रसायनज्ञ. कारखान्यात सगळे त्यांना नाना म्हणत. मोडीत निघालेल्या संगणकांचे भाग आम्लात विरघळवून त्यातले सोने परत मिळवायचे, हे त्यांचे काम. ते द्रावण उभ्या नळीतून सोडले की आतले रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे, बारीक मणी सोने तेवढे धरून ठेवत आणि तांबे, लोखंड खाली वाहून जाई. मग दुसऱ्या द्रावणाने धुतले की मणी सोने सोडून देत व पुन्हा कामाला लागत.

नाना महिनाअखेर निवृत्त होणार होते. आपल्या जागी कोण, हे त्यांनी अजून सांगितले नव्हते आणि शिष्येचा सारा जीव त्या जागेत अडकला होता. त्यासाठीच तर दोन वर्षे खपून तिने हे नवे मणी घडवले होते.

"नाना, जुन्या मण्यांतून शंभरातले पाच भाग सोनं निसटतं. माझ्यातून कण सुटत नाही. बघाच तुम्ही."

नानांनी तपासले. खाली उतरलेल्या द्रावणात खरोखरच सोन्याचा मागमूस नव्हता.

"छान धरलंय. आता सोडवून दाखव."

तिने मणी धुतले. द्रावण तापवून धुतले, अधिक तीव्र करून धुतले. दुपार टळली तरी मणी सोने काही सोडेनात. तेव्हा नाना उठले आणि त्यांनी ते मणी भट्टीत टाकले.

"अहो नाना!" ती किंचाळली. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत जळत होती. तिला रडू आवरेना.

राखेतून सोने निघाले. ते तिच्यासमोर ठेवून नाना म्हणाले, "सोनं मिळालं, पण मणी गेले. जे नुसतं धरून ठेवतं, त्याच्याकडून परत घ्यायचं तर त्याला जाळावंच लागतं. जुने मणी थोडं सांडतात, पण चार वर्षं देताहेत. आणि रागावू नकोस, तुझंही तसंच आहे. सहा वर्षांत मी शिकवलेलं काही तू सांडलं नाहीस. पण आपल्या विभागात काम शिकायला आलेल्या त्या दोघी नव्या मुली काही विचारायला आल्या, की 'राहू दे, मी करते' म्हणतेस. उद्या तू आजारी पडलीस, तर आम्ही तुला भट्टीत घालायचं का?"

ती आधी संतापली. मग तिला आठवले, परवाच त्यांतली एक आपल्या वहीत डोकावली, तेव्हा आपण पानावर हात ठेवला होता. तिची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तिने दोघींना नळीपाशी उभे केले. त्यांच्या हातून पहिल्याच खेपेला बरेच द्रावण सांडले. तिचे हात शिवशिवले, पण तिने ते पाठीमागे बांधून ठेवले.

महिनाअखेर नानांनी विभाग तिच्याच हाती सोपवला. तोवर दोघींना सगळे काम येऊ लागले होते, आणि ती जागा आपल्याला मिळाली नसती तरी आपण शिकवत राहिलो असतो, हे तिला कळून चुकले होते.