नेमगोंडा आणि पुरात भिजलेलं सामान

नदीकाठच्या एका गावात नेमगोंडा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा गावाचा शब्द. धोंडीराम मिस्त्रीचा शब्द वेगळा होता, तो इथं लिहिता येत नाही.

पूर आला, आठ दिवस राहिला आणि गेला. पुढारी होडीतून आले, फोटो काढून घेतले आणि तेही गेले. मागे राहिला गाळ आणि मोडकं सामान. ते फुकटात नीट करून द्यायचं मिस्त्रीनं ठरवलं. त्याला मदतीला हात हवे होते. नेमगोंडाला दोन होते.

सगळ्यात निकडीचा होता हौसाबाईंचा पाळणा. त्यांची सून सुनंदा शाळेत, पूरग्रस्तांच्या गर्दीतच बाळंत झाली होती. घर गेलं, भांडी गेली. तीन पिढ्यांना झोपवलेला सागवानी पाळणा तेवढा बाभळीत अडकून वाचला. रविवारचं बारसं याच पाळण्यात करायचं, एवढंच सुनंदानं मनाशी धरलं होतं. मिस्त्रीनं पाळण्याजवळ नेमगोंडाला फिरकूही दिलं नाही.

अक्काताईंचं कपाट मात्र त्याला पुसायला दिलं. नेमगोंडानं ते बाहेरून लख्ख पुसलं. आत गुडघाभर गाळ होता आणि गाळात एक बेडूक सुखानं नांदत होता. मिस्त्री म्हणाला, आधी उघडावं, आतलं सगळं बाहेर काढावं.

दुसऱ्या दिवशी चौगुले मास्तरांची गादीची खुर्ची आली. पाणी फक्त तिच्या पायांना लागलं होतं. नेमगोंडानं गादी चिरली आणि आतला सगळा काथ्या बाहेर काढला. मास्तर बघतच राहिले. मिस्त्री म्हणाला, बाबा, चिरू नकोस, ओलं दिसेल ते वाळव.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनं पंचायतीच्या टेबलाचे पाय सरस लावून बसवले आणि दोरीनं आवळून ठेवले. सरस ओला होता. नेमगोंडानं दोरी सोडली, चारही पाय काढले आणि उन्हात ओळीनं मांडले. वाळल्यावर होते तसे लावून दिले. त्याच टेबलावर हात आपटून सरपंच पूरग्रस्तांना धीर देत होते. टेबल कोसळलं, मागोमाग सरपंच. पुरानंतर पहिल्यांदाच गावाला जरा बरं वाटलं.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. “गिऱ्हाइकाच्या घरात हलती वस्तू जाता कामा नये. खिळा मार, पट्टी मार, पर हलता कामा नये.”

“ध्यानात ठेवतो, मिस्त्री,” नेमगोंडा म्हणाला. आणि तो खरंच ध्यानात ठेवायचा, हीच तर अडचण होती.

रविवारी मिस्त्री पंचायतीचं टेबल पुन्हा जोडत बसला होता. पाळणा तयार होता. तो नुसता पोचव, असं बजावून नेमगोंडाला हातगाडी दिली. वाटेत नेमगोंडाच्या लक्षात आलं, की पाळणा हलतोय. त्यानं गाडी थांबवली, खाली चार पट्ट्या मारल्या, बाजूंना चार, आणि खिळे संपेपर्यंत खिळे.

शाळेत बायका जमल्या. सुनंदानं बाळाला पाळण्यात ठेवलं, तिचे डोळे भरून आले. आत्यानं दोरी ओढली. पाळणा हलेना. हौसाबाईंनी जोर लावला. मिस्त्री येईपर्यंत पाच जणी दोरीला लागल्या होत्या. खिळे उपसले असते, तर सागवान फुटलं असतं. मिस्त्री उंबऱ्यावरच बसला.

“आरं, ह्यो पाळणा हाय,” तो म्हणाला. “ह्यो हलायलाच पायजे.”

नेमगोंडानं विचार केला. चूक त्याला पटली. मग तो सुनंदापाशी गेला आणि अदबीनं म्हणाला, “वैनी, पाळणा काय आता हलत न्हाई. तुमी समद्या जणी भवतीनं डुला. लेकराला काय कळतंय?”

मुहूर्त टळत आला होता. बायका डुलल्या. सुनंदाही रडत रडत डुलली.