दारातली जागा

“मग माझं चुकलं कुठं, बाबा?”

दौलतगीरनं पुन्हा तेच विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

उत्तमगीर बाबा ओट्यावर बसून पाय धूत होते. पायांना भेगा, भेगांत लांबच्या वाटांची माती. दुष्काळी मुलखात दारोदार धान्य मागून ते सकाळीच मठात परतले होते. गाडी आली खरी, पण गाडीत पोती थोडी आणि मोकळी जागाच जास्त.

“सांगा ना. एक दाणा मी इकडचा तिकडं केला नाही. जेवलो ते सगळ्यांच्या शेवटी, उरलं तरच. तुम्ही नव्हता तरी चूल विझू दिली नाही. गर्दी दुप्पट झाली, तरी रांगेत कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. आणि कुणाची एक तक्रार नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

बाबांचा हात पाण्यातच थांबला.

“मग ती बाई दाराबाहेर का बसलीय?”

दौलतगीरनं मान खाली घातली.

…

खडकमाळावरच्या त्या मठात दुष्काळात आंबील वाटायची. पिढ्यान् पिढ्यांची रीत. कुणाला वाढायचं, किती वाढायचं, हे आसपासच्या वाड्यांचे पंच बसून ठरवत. मठातला माणूस नुसता वाढायचा, ठरवायचा नाही. आणि जेवून माणसं ज्या दारानं बाहेर पडत, त्या दारातल्या दगडावर रांगेतल्याच एखाद्याला रांगेनंच निवडून बसवलेलं असे. त्यानं एवढंच विचारायचं, पोट भरलं का, नीट वाढलं का. कुणी ‘नाही’ म्हणालं की त्यानं हात वर करायचा. हात वर झाला की ओगराळं जिथल्या तिथं थांबायचं. त्या माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय पुढच्याला थेंब नाही. बाबा स्वतः वाढायला बसले असले तरी नाही.

बाबा धान्य मागायला गेले तेव्हा दारात गजराआजी बसत होती. लोहाराची म्हातारी, जीभ विळ्यासारखी.

“ए दौलत्या,” ती सगळ्यांदेखत ओरडायची, “आज आंबिलीत माझं तोंड दिसतंय बघ! लगीन झाल्यापासून आरसा बघितला नव्हता, तो मठानं दाखवला!”

रांग हसायची. ओगराळं थांबायचं. दौलतगीरचे कान तापायचे.

त्यात पंचांचं एकमेकांशी पटेना. वाटी केवढी धरायची यावर ते बोलत बसायचे आणि इकडं ऊन डोक्यावर यायचं. कडेवरची पोरं रडून रडून गप्प व्हायची. रडणारं पोर परवडतं, गप्प झालेलं बघवत नाही. दौलतगीरलाही बघवेना. तो म्हणाला, तुमचं बोलणं सरेपर्यंत इथं माणसं मरतील, आता मीच ठरवतो. पंच उठले आणि घरी गेले. खरं तर बरेचसे सुटल्यासारखेच गेले.

मग त्यानं गजराआजीला सांगितलं, “आजी, तू आपली जेव आणि जा. गाऱ्हाणं ऐकायला मी आहे.”

“तूच वाढणार आणि तूच ऐकणार?” म्हातारी म्हणाली. “मग तुझी चुगली मी तुझ्याचजवळ करू होय रे?”

ती काठी टेकत गेली, ती पुन्हा मठाकडं फिरकली नाही.

आणि सगळं कसं सुरळीत चालू झालं. ना वाद, ना खोळंबा. रांग मुकाट्यानं पुढं सरकायची. दौलतगीरला वाटलं, हे आधीच का नाही केलं?

…

“ती बाई कोण?” बाबांनी विचारलं.

“हौसा. खाणीच्या वस्तीवरची. नवरा दगड फोडायला दूर गेला, तो आलाच नाही.”

“काय मागत होती?”

“धाकट्याला ताप होता म्हणे. त्याच्यापुरती आंबील घरी न्यायची होती. वेगळं वाडगं घेऊन आली होती.”

“मग?”

“मी नाही म्हटलं. घरी न्यायचं बंद केलंय. एकानं नेऊन शेळीला पाजली होती, बाबा! इथं माणसं उपाशी, आणि शेळीला…”

“बंद कुणी केलं?”

“मी.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, पोर उचलवत नाही, अंगाला हात लावला तर चटका बसतोय. मग म्हणाली, दाद कुणाकडं मागू?”

“तू काय सांगितलंस?”

“दारात माग म्हटलं.”

“गेली?”

“गेली.”

“दारात कोण होतं?”

दौलतगीरच्या डोळ्यांसमोर ती वेळ जशीच्या तशी उभी राहिली. रांग संपल्यावर त्यानं ओगराळं खाली ठेवलं होतं. हात धुतले होते. पंच्याला पुसले होते. मग तो चालत दारापाशी गेला होता आणि दगडावर बसून म्हणाला होता, बोल बाई, काय तक्रार आहे?

हौसानं त्याच्याकडं बघितलं होतं. आणि ती हसली होती. फार दमलेलं माणूस कधी कधी हसतं ना, तसं. रिकामं वाडगं तिनं पदराखाली घेतलं आणि काही न बोलता निघून गेली.

काही बोलली नाही, म्हणजे तक्रार नाही, असं त्यानं धरलं होतं.

“दारात कोण होतं, दौलता?”

“मी…”

तांब्यातलं उरलेलं पाणी बाबांनी पायावर घेतलं नाही, बाजूला ठेवून दिलं.

“दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली,” दौलतगीर सांगू लागला. आवाज आता पार खाली आला होता. “मी सांगितलं होतं ना, ज्याचं पोट त्यानं यायचं. भर उन्हात खांद्यावर टाकून आणला. टाळूवर ओलं फडकं घातलं होतं, पण ते वाटेतच वाळलं असणार. रांग मोठी होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं वाडगं पुढं केलं, आणि त्याला म्हणाली, ऊठ रे राजा, आंबील आली बघ. गालाला हात लावला. मग परत लावला…”

“आणि तू?”

“माझ्या हातात भरलेलं ओगराळं होतं, बाबा. ते तसंच राहिलं.”

बाहेर रांग लागल्याचा आवाज येत होता. भांड्यांचा, खोकल्याचा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

“माती देऊन ती परत आली, ती दाराबाहेर बसलीय. घरी जात नाही. थोरलीचं मनगट धरून ठेवलंय. पोरीला रांगेत येऊ देत नाही. मी स्वतः वाटी नेऊन दिली, तर पालथी घातली. बाबा, ती पोरगी सुकून चाललीय. दुसरीही जाईल! तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल.”

“का ऐकेल?”

“तुम्ही मोठे.”

“तू मोठा नव्हतास?”

दौलतगीरनं त्यांचे ओले पाय धरले.

“मग मला शिक्षा करा.”

“मी?”

“गुरू तुम्ही. दुसरं कोण करणार?”

“ओगराळं तुझ्या हातात कुणी दिलं?”

“तुम्ही.”

“मग मी दारात कसा बसू?”

“निदान माफ तरी करा…”

“ते तर त्याहून माझं नाही.”

“मग त्या लेकराचा न्याय करणार कोण?”

बाबांनी पाय सोडवून घेतले.

“करायला कुणाला ठेवलंस?”

…

दौलतगीर चुलीपाशी आला. वाढायला बसला. भुकेली माणसं समोर उभी असताना दुसरं काय करणार?

वाढता वाढता त्यानं मान वर केली आणि तो दचकला. रांगेत बाबा उभे होते. हातात त्यांचं जुनं वाडगं. पुढं एक पांगळा, मागं एक गरोदर बाई.

“बाबा, तुम्ही बसा. मी आणून देतो.”

“का?”

“तुम्ही…”

“वाढ.”

त्यानं ओगराळं खोल घातलं. तळाशी घट्ट आंबील होती, ती उपसून वाडग्यात घातली. मग आणखी थोडी. हात आपसूकच तसा वळला. ते आपण केलं, हेही त्याला कळलं नाही.

बाबांनी वाडग्यात बघितलं. पुढच्या पांगळ्याच्या वाटीत बघितलं. मग ते दाराकडं गेले. दगड रिकामा होता. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग उंबरा ओलांडला आणि बाहेर हौसासमोर जमिनीवर बसले.

चुलीपासून दार फार लांब नव्हतं. सगळ्यांना ऐकू येत होतं.

“बाई, मला गाऱ्हाणं सांगायचंय.”

हौसा त्यांच्याकडं बघेना. पोरगी मात्र वाडग्याकडं बघत होती.

“पंगतीपेक्षा मला जास्त वाढलंय. कुणाला सांगू?”

हौसानं पोरीचं मनगट आणखी घट्ट धरलं.

“दारात सांगा,” हौसा म्हणाली. आवाज चिरलेला होता.

“दारात कुणी नाही गं.”

वाऱ्यानं दारातून धूळ उडाली.

बाबा रांगेकडं वळले. “हिला बसवायची का?”

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मग तो पांगळा म्हणाला, “बसवा की. आमच्यातली ती सगळ्यांत लांब बसलीय. तिला दिसत असंल.”

“बसू द्या,” कुणी तरी म्हणालं. मग आणखी कुणी.

हौसा उठली. उठताना भिंतीला धरावं लागलं. पोरीचं मनगट तिनं सोडलं नव्हतंच, तिला ओढतच ती आत आली आणि दगडावर बसली. आजवर तिथं बसलेल्या कुणाचंही तोंड इतकं कोरडं नसेल.

तिनं बाबांचं वाडगं हातात घेतलं. बोटानं आंबील हलवून बघितली. पांगळ्याची वाटी मागवली, तीही बघितली.

मग तिनं हात वर केला.

दौलतगीरचा हात थांबला.

“म्हाताऱ्याला तळातलं,” ती म्हणाली, “आणि आम्हाला वरचं पाणी. रोज असंच आहे. पुढं उभं राहणाऱ्याच्या वाटीत पाणी, मागं राहिलं की गाळ. ढवळून वाढा.”

दौलतगीरनं आंबिलीकडं बघितलं. दार रिकामं झाल्यापासून त्यानं ढवळलंच नव्हतं. मनात खोट होती म्हणून नाही. कुणी बोललं नाही म्हणून. गजराआजी असती तर…

बाबांनी आपलं वाडगं आणून परत ओतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. दौलतगीरनं ढवळलं. काठाला वाकून, दोन्ही हातांनी.

थोड्या वेळानं पोरगी एकटीच समोर येऊन उभी राहिली. मनगटावर आईच्या बोटांचे वळ होते. त्यानं तिला वाढलं. ती वाटी घेऊन आईकडं गेली. हौसानं इतरांची बघितली तशीच तीही वाटी बघितली, कमी नाही, जास्त नाही. मग मान हलवली. पोरगी फुंकर न घालताच प्यायला लागली, तशी हौसानं वाटी मागं ओढली आणि स्वतः फुंकर घातली.

दौलतगीरला तिकडं बघवलं नाही.

बाबा वाढून घ्यायला पुढं आले, तेव्हा तो हळूच म्हणाला, “बाबा, तिच्या मनात माझ्याबद्दल आग आहे. उद्या रागाच्या भरात चुकीचा हात वर केला तर?”

“तर तू बोल. तुला कुठं घालवून दिलंय?”

दारातून हौसाचा आवाज आला.

“घरी न्यायचं बंद आहे अजून?”

जेवणारी माणसं वळून दाराकडं बघू लागली. कितीतरी जणांनी पदराखाली, धोतराच्या सोग्यात रिकामी भांडी आणलेली होती. ती हळूच बाहेर दिसू लागली.

दौलतगीर ताडकन उठला. डोळ्यांत पाणी होतं. “नाही! नाही बंद! न्या घरी, ज्याला न्यायची त्यानं न्या! मोडला मी तो नियम. आत्ता, या घडीला मोडला!”

भांडी पुढं सरकली.

“कुणी मोडला?” बाबांनी विचारलं.

“मी.”

“ओगराळं खाली ठेव.”

“बाबा! चांगलंच तर करतोय!”

“तेव्हाही चांगलंच करत होतास.”

दौलतगीर तसाच उभा राहिला. ओगराळ्यातून आंबील ठिबकत होती. त्यानं हौसाकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, पण हात तिनं वर केला नव्हता. तो वर करायचा की नाही, हे तिलाही कळत नसावं.

“पंचांना बोलव,” बाबा म्हणाले. “त्यांनी ठरवू दे.”

“पंच सगळ्या वाड्यांवर पांगलेत, बाबा. मीच घरी पाठवलेत. जमेपर्यंत उन्हं कलतील. तोवर घराघरांत पडलेली लेकरं उपाशी…”



बाबांनी त्याच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं आणि तपेल्यावर आडवं ठेवलं.

“मग पळ.”