वाकडी पहार आणि शिंपिणीचं पिल्लू

एक होती शिंपीण. माणसातली नव्हे हो, पाखरातली. अंगठ्याएवढी. झाडावर पानं शिवून घरटं करायची.

तिला एक पिल्लू. एकच.

एक दिवस पिल्लू उडालं. भुर्रर्र! आणि पडलं. कुठं पडलं? दगडाच्या खाणीत, दोन दगडांच्या फटीत.

वरचा दगड घसरला. धप्प!

फट बंद!

"अगं बाई!" शेपटी वर. डोळे गोल.

खालून आवाज आला, "चिंव्! आई, अंधार!"

"घाबरू नको हं बाळा. आत्ता आणते कुणाला."

निघाली शिंपीण. टुचुक टुचुक, टुचुक टुचुक.

खाणीत होते पाथरवटकाका. दगड फोडायचे.

"काका, काका, दगड उचला!
दगड उठेना, पिल्लू सुटेना!"

"अरे देवा! पिल्लू?" काका उठलेच. मग खाली बसले. "पण माझी पहार बघ. टोक वाकलंय. लोहारमामा सरळ करील, तर मी दगड उचलीन."

"अगं बाई! लोखंड वाकतं?" शेपटी वर. डोळे गोल.

"वाकतं गं. मला तरी कुठं खरं वाटत होतं?"

टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. शिंपीण लोहारमामाकडे.

"मामा, मामा, पहार सरळ करा!
पहार शिरेना, दगड उठेना, पिल्लू सुटेना!"

"काय सांगतेस!" मामाच्या हातातली हातोडी पडली. ठण्! "पण माझी भट्टी थंड. भाता फाटलाय. मोचीभाऊ शिवील, तर मी पहार सरळ करीन."

भाता म्हणजे चामड्याची मोठ्ठी पिशवी. दाबली की वारा सुटतो. वारा सुटला की भट्टी पेटते. भट्टी पेटली की लोखंड मऊ होतं.

"अगं बाई! लोखंड मऊ होतं?" शेपटी वर. डोळे गोल.

"लोण्यासारखं. पण वारा पाहिजे ना!"

टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. शिंपीण मोचीभाऊकडे.

"भाऊ, भाऊ, भाता शिवा!
भाता फुगेना, पहार शिरेना, दगड उठेना, पिल्लू सुटेना!"

"आई गं! दगडाखाली?" भाऊंनी कपाळाला हात लावला. "चामड्याला भोक पाडते माझी आरी. तिची मूठच फुटली. सुतारआबा मूठ करील, तर मी भाता शिवीन."

"अगं बाई! मूठ नाही तर आरी नाही?" शेपटी वर. डोळे गोल.

"धरू कुठं मग? टोकाला धरू?"

टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. शिंपीण सुतारआबाकडे.

"आबा, आबा, मूठ करा!
आरी चालेना, भाता फुगेना, पहार शिरेना, दगड उठेना, पिल्लू सुटेना!"

"आँ?" आबांचा चष्माच घसरला. "पण ही माझी पटाशी. लाकूड तासते. आता लोणीसुद्धा कापत नाही. धारवाली मावशी धार लावील, तर मी मूठ करीन."

"अगं बाई! लोखंड बोथटतं?" शेपटी वर. डोळे गोल.

"माझे दात पडले, तिची धार पडली. दोघं म्हातारे."

टुचुक टुचुक, टुचुक टुचुक. शिंपीण धारवाल्या मावशीकडे.

"मावशी, मावशी, धार लावा!
पटाशी कापेना, आरी चालेना, भाता फुगेना, पहार शिरेना, दगड उठेना, पिल्लू सुटेना!"

"अगं माझे बाई!" मावशीनं पदर तोंडाला लावला. "पण माझं चाक बघ. मधली सळई मोडलीय. लोहारमामा जोडील, तर मी धार लावीन."

"लोहारमामा?"

"लोहारमामाच की. दुसरं कोण जोडणार?"

शिंपिणीची शेपटी वर गेली नाही. ती खालीच पडली.

टुचुक. टुचुक. शिंपीण परत लोहारमामाकडे.

"मामा, मामा, सळई जोडा!
चाक फिरेना, पटाशी कापेना, आरी चालेना, भाता फुगेना, पहार शिरेना, दगड उठेना, पिल्लू सुटेना!"

"सळई? जोडतो की. आधी भाता शिवून..."

मामांनी हात पुढं धरला. बोटं मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच.

"अबब! म्हणजे मी माझीच वाट बघतोय?"

आणि मटकन खाली बसले.

शिंपिणीनं भात्याकडे बघितलं. उडाली आणि थेट भात्यात शिरली.

आत अंधार. पण एका बाजूला उजेडाचे ठिपके. एक ठिपका. दोन ठिपके. किती तरी ठिपके! सगळे एका ओळीत.

"मामा! भाता फाटलाय कुठं? उसवलाय! जुनी भोकं तशीच आहेत!"

"काय?"

"आरी कशाला? दोरा द्या, दोरा!"

मामांनी दोरा दिला. शिंपिणीनं चोचीत धरला. टुच्! आत. टुच्! बाहेर. टुच्, टुच्, टुच्. शेवटी गाठ.

मामांनी भाता दाबला. फुस्सऽऽ! फुस्सऽऽ!

भट्टी पेटली. लाल लाल झाली.

भात्याचा आवाज गावभर गेला. सगळे पळत आले. मावशी पुढं, हातात सळई.

"आधी माझी!"

"मावशी, सळई नंतर. आधी पिल्लू. पाथरवट, दे ती पहार!" मामा म्हणाले.

पहार भट्टीत गेली. पहार लाल झाली. ठण्! ठण्! ठण्! टोक सरळ. पाण्यात बुडवली. चुर्रर्र!

मग सगळे धावले खाणीकडे.

भाता फुगला, पहार शिरली, दगड उठला, पिल्लू...

पिल्लू हलेना.

सगळे वाकले. मावशीचा पदर पुन्हा तोंडाला.

शिंपीण जवळ गेली. चोचीनं धूळ झटकली. हळूच म्हणाली, "बाळा?"

पिल्लानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग चोच उघडली. केवढी ती चोच! अर्धं पिल्लू म्हणजे चोचच.

"आई! भूऽऽक!"

"अगं बाई!" पाचही जण एकदम ओरडले. त्यांचेच डोळे गोल.

शिंपीण उडाली. एक अळी आणली. लठ्ठशी, हिरवीगार. पिल्लाच्या चोचीत टाकली. गट्टम्!

मग मामांनी सळई जोडली. चाक फिरलं, पटाशी कापू लागली, आरी चालू लागली.

आणि पिल्लू? पिल्लू म्हणालं, "आणखी एक!"

पहार दगडाला टेकली, पिल्लू आईला टेकलं, आणि आमची गोष्ट तुमच्या मांडीला टेकली.