अकरा अंड्यांची ऊब

डोंगराच्या कुशीत एक एवढंसं गाव होतं, आणि गावाच्या टोकाला त्याहून एवढुसं घर. तिथे हिरू आणि तिची आई राहायच्या. घर कसलं, कुडाच्या चार भिंती! पौषातली थंडी न विचारता आत शिरायची आणि पाहुणीसारखी ठाण मांडून बसायची. आई उजाडताच शेतावर मजुरीला जायची. मागे राहायची हिरू, तिची ठिगळांची गोधडी आणि कवडी.

कवडी म्हणजे त्यांची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. अठरा दिवस ती टोपलीत अकरा अंड्यांवर बसून होती. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघणार! मग पिल्लांच्या कोंबड्या होणार आणि हिरूच्या ताटात रोज एक अंडं येणार. आईनं तसं कबूलच केलं होतं.

पण अठराव्या सकाळी कवडी दाणे टिपायला अंगणात उतरली आणि झुडपातून रानमांजरानं झडप घातली. अंगणात उरली फक्त चार पिसं. हिरू रडली हो, अगदी हमसून हमसून रडली. मग तिला अंडी आठवली. धावत जाऊन तिनं हात लावला. अजून कोमट होती, पण किती वेळ राहणार? चुलीशी ठेवावीत तर उकडून जातील. गार पडली तर आतली पिल्लं मरून जातील.

सुकं गवत आणायला ती परसात पळाली. तिथे पावट्याच्या वेलावर जांभळी फुलं फुलली होती, पानोपानी दंव लुकलुकत होतं. आणि एका पानाला चिकटून कोण बसलं होतं? अंगठ्याएवढी परी! शेवंतीसारखा पिवळाधमक झगा, चांदीचे चिमुकले पंख, आणि पंख दंवानं पार गोठलेले.

“अगं बाई, तुलाही थंडी वाजते?” हिरूनं डोळे पुसले. तिनं ओंजळ धरली आणि हा... हा... करत पंखांवर श्वास सोडला. पंख मोकळे झाले, आणि परसात चंदेरी भुरभुर उडाली.

“गुणाची गं माझी!” परी म्हणाली. “माग, तीन इच्छा माग. पण मी आहे थंडीतली परी. मला सोनंनाणं देता येत नाही, नवी ऊब घडवताही येत नाही. इकडची ऊब तेवढी तिकडे करता येते. एका इच्छेची ऊब एक दिवस टिकेल, आणि ती कुठून घ्यायची हे तू सांगायचं.”

“माझ्या अंड्यांना दे! माझ्या गोधडीतली घे,” हिरू चटकन म्हणाली.

झालं! अंडी गुबगुबीत उबदार झाली आणि गोधडी झाली ओल्या फडक्यासारखी गार. रात्रभर हिरूचे दात कडकड वाजत होते. आईनं तिला पोटाशी धरलं, म्हणून बरं.

दुसऱ्या सकाळी परी आली. “आज कुठली घेऊ?”

“माझ्या वाटचं ऊन घे.”

त्या दिवशी हिरू अंगणात ज्या दगडावर बसे, तो दगड गार पडे. शेजारची मांजर उन्हात लोळत होती आणि हिरू तिच्या बाजूला कुडकुडत होती. पण अंडं कानाला लावलं की आत बारीक टिकटिक लागायची, मग हिरूला हसू फुटायचं.

तिसऱ्या सकाळी मात्र तिचं नाक लाल झालं होतं, ओठ निळे पडले होते.

“आता माझ्या अंगातली घे,” ती म्हणाली.

“मुळीच नाही!” परी रागावली. “तापानं फणफणशील, वेडाबाई! मग शेजारच्या गोठ्यातल्या त्या वासराची घेऊ?”

“नको गं, त्यालाही थंडी वाजत असेल. जिथे ऊब नुसती वाया जातेय, अशी कुठे नाही का?”

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. ती होती ठकूकाकू. एकटी राहायची, आणि गप्प बसणं तिला माहीतच नव्हतं.

“चार दिवस झाले, रिकाम्या टोपलीत फतकल मारून बसलीय! ना अंडं, ना दाणा, नुसतं कुर्र कुर्र! थांब, गार पाण्यात बुचकळते, मग उतरेल तुझी खुडूक!”

तिच्या काखेत होती तांबडी, तिची धष्टपुष्ट कोंबडी. अंडी उबवायची हुक्की आलेली, आणि उबवायला एकही अंडं नाही!

हिरूचे डोळे चमकले. “परी, तिची ऊब घे!”

परी खुदकन हसली. “त्याला परी कशाला हवी? जा, कोंबडीच माग की!”

हिरू कुंपणावरून ओरडली, “काकू, थांबा! बुचकळू नका! माझी अंडी आहेत हो, अकरा!”

काकूनं आधी डोळे वटारले. मग हिरूचे निळे ओठ पाहिले आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “अगं पोरी, आधी नाही का सांगायचं? ने बाई, ने! एक ब्याद टळली.”

पण बोलता बोलता ती स्वतःच तांबडीला घेऊन आली. टोपलीवर तिनं गोणपाट टाकला, कारण अंधारात कोंबडी फार चौकशा करत नाही. तांबडीनं एक अंडं चोचीनं ढकललं, दुसरं ओढलं, आणि मग अशी पसरून बसली, जणू जन्मभर तीच त्यांची आई होती.

हिरूनं एवढा मोठा सुस्कारा सोडला!

एकविसाव्या दिवशी टकटक, चिवचिव! पिवळी, काळी, तपकिरी, लोकरीच्या गुंड्यांसारखी दहा पिल्लं निघाली. तांबडी त्यांना घेऊन ऐटीत अंगणात उतरली. टोपलीत राहिलं अकरावं अंडं. त्याला इवलंसं भोक पडलं होतं, आत चोच हलत होती, पण हळू, फार हळू.

“परी, तिसरी इच्छा! लवकर!”

“कुठली ऊब घेऊ?”

हिरूनं घरभर नजर फिरवली. कुणाची सांगणार? तिचे डोळे भरून आले.

काकू दारातच उभी होती. तिला परी दिसत नव्हती, पण हिरूचं बोलणं ऐकू येत होतं. “कुणाशी बोलतेस गं? पिल्लाला ऊब हवीय? मग माझ्या शालीतली घे की! त्यात विचारायचं काय?”

आणि तिनं शाल काढून अंड्याभोवती गुंडाळली.

परी चकित होऊन पाहतच राहिली. “हिरू,” ती हळूच म्हणाली, “मी घेतलेली ऊब कमी होते, पण आपल्याला हवी असूनही कुणी स्वतःच्या हातानं दुसऱ्याला दिली, की ती देणाऱ्याची कमी होत नाही. हा नियम मी कधी सांगितला नाही, कारण सांगून तो चालत नाही.”

टच्! कवच फुटलं. ओलं, काळंभोर पिल्लू शालीत पडलं आणि चिवचिवलं. त्याच क्षणी परीचा झगा झगमगला. सगळं घर पिवळ्या, केशरी, चंदेरी उजेडानं भरून गेलं, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

“ऊन काय लख्ख पडलंय आज!” काकू म्हणाली. शाल तिनं तशीच पिल्लाला ठेवली होती, तरी तिला थंडी म्हणून वाजत नव्हती. “आणि हे बघ, तांबडी आता इथेच राहू दे. पिल्लांना आई नको का? मी येत जाईन रोज. माझंही घर फार गप्प असतं गं.”

संध्याकाळी आई घरी आली. बघते तर काय, गोधडीत हिरू गाढ झोपलेली, गाल गुलाबी झालेले, आणि चुलीशी बसून ठकूकाकू कण्या चाळत होती. आई काही विचारणार, तोच काकूनं ओठांवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुजबुजली.

“बोलू नकोस. लेकरं निजलीत. बारा आहेत.”