घाटाखालचा टेलिफोन

देवझरी संस्थानात टेलिफोन आला, पण दिवाण त्र्यंबकरावांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. फोनवर आलेली बातमी शिक्क्याचा कागद हाती पडेपर्यंत खरी धरायची नाही, असा त्यांचा हुकूमच होता. त्यामुळे फोनवर ऐकलेलंच पुन्हा कागदावर आणायला सात हलकारे दिवसरात्र घाट चढत-उतरत. त्यांतला सटवाजी साठीला आला होता. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते, पण दिवाणांपुढे बोलणार कोण?

एके सकाळी घाटाखालच्या दवाखान्यातून फोन आला. दिवाणांची लेक बाळंतपणात अडली होती, म्हणून तिला तिथं हलवलं होतं. दोन दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. दिवाणांनी फोन कानाला लावला. आधी तान्ह्या बाळाचा टाहो ऐकू आला, मग नर्सबाई म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

दिवाणांचे डोळे भरून आले. "नात झाली! अरे, साखर वाटा!"

खेपेला निघालेला सटवाजी दारातच हात जोडून म्हणाला, "सरकार, साखर परवा वाटू. कागद आणायला मला दोन दिवस लागतील. तोवर बातमी खरी कशी धरायची?"

"अरे वेड्या, मी माझ्या कानांनी तिचं रडणं ऐकलं!"

"ऐकलंत खरं, सरकार. पण त्यावर शिक्का कुठंय?"

दिवाणांची नजर सटवाजीच्या गुडघ्यांवर गेली. साखरेची पहिली मूठ त्यांनी त्याच्याच हातावर ठेवली.

"कागदाच्या खेपा आजपासून बंद. तू इथं फोनपाशी बसायचं. आणि नात घरी येईपर्यंत रोज सकाळी मला तिचं रडणं ऐकवायचं."