हैबतीने तळं वाचवलं

एका गावात एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द गावाचा. त्याची बायको धुरपदा त्याच्यासाठी वेगळा शब्द वापरायची, तो इथे लिहिण्यासारखा नाही. नाव मात्र आईबापाने दणदणीत ठेवलं होतं, हैबती. अंगाने धिप्पाड, मनाने गरीब, आणि सांगितलेल्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचा नाही. एकदा धुरपदा 'जरा दाराकडे बघा' असं सांगून बाजारला गेली. ती येईपर्यंत हा दाराकडे बघत बसला. मागच्या खिडकीतून मांजर आलं, दूध प्यायलं, मिशा पुसून गेलं.

"अवो, मांजर दिसलं न्हाई का तुम्हाला?" धुरपदा ओरडली.

"म्यॅव ऐकलं की. पर तू दाराकडं बघ म्हनली हुतीस."

धुरपदाने त्याच आठवड्यात त्याला कुमुदताईंच्या दुकानात कामाला लावलं. निदान दिवसभर तरी त्याचा घोर दुसऱ्या कुणाला लागावा, एवढाच तिचा हेतू होता.

कुमुदताई कुडते शिवायच्या. कुडत्यांचं नाव 'ठिणगी'. साधा कुडता कुठेही मिळतो, पण ठिणगी कुडत्याच्या छातीवर लाकडी ठशाने एक घोषणा छापलेली असायची. दिवाळीत ताई फटाक्यांच्या विरोधात, निवडणुकीत मतदानाच्या बाजूने, पावसाळ्यात डासांच्या विरोधात. शहरातली माणसं हे कुडते हौसेने मागवायची. जन्मात मोर्चाला न गेलेला माणूसही तो घातला की नुकताच मोर्चाहून आल्यासारखा दिसायचा.

यंदा ताई तळ्याच्या बाजूने होत्या. गावाचं तळं बुजवून तिथे मंगल कार्यालय बांधायचं, असा गुलाबराव कंत्राटदाराचा बेत होता. जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते. पाणी दिसलं तर तळं राहणार, कोरडं दिसलं तर गुलाबरावाला परवानगी मिळणार. ताईंनी नवा ठसा करून घेतला: 'तळे बुजवू देणार नाही'. कुडते भराभर खपले. ताईंना खपाचा आनंद होता, हे मी लपवत नाही. पण त्या तळ्याच्या पायरीवर त्यांच्या आईने जन्मभर कापडं रंगवून धुतली होती, आणि तळं जाणार म्हटलं की ताईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पहिल्याच दिवशी हैबतीने एका गिऱ्हाइकाला कोरा कुडता बांधून दिला. ताईंनी बघितलं.

"अरे हैबती, असं करतात का? आपल्या दुकानातून कोरं कापड जात नाही. कापड कसलंही असो, त्याच्यावर ठसा मारल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही."

"ध्यानात ठेवतो, ताई," हैबती म्हणाला.

आणि त्याने ठेवलं. विसरला असता तर ही गोष्टच झाली नसती.

दुसऱ्या दिवशी ताई जेवायला गेल्या होत्या. तेवढ्यात आळीतला एक जण धावत आला. त्याचे वडील, सावळाअण्णा, सकाळीच गेले होते. पांढरं कापड हवं होतं, घाई होती. हैबतीने कापड फाडलं, आणि हाताला लागला तो ठसा त्याच्यावर नीट मधोमध मारला. घडी घालून दिलं. त्या माणसाला रडण्याच्या भरात काही दिसलं नाही.

तिरडीवर कापड पसरलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. ठसा मागच्या निवडणुकीतला होता: 'उठा! आणखी किती झोपणार?'

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पोरगा तिरडीला हात घालणार, तेवढ्यात सावळाअण्णांची थोरली बहीण आडवी आली.

"थांबा रे. इचारलंय न्हवं त्येला? मग उत्तर तर येऊ द्या."

म्हातारी ऐकेना. ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळी आळी उत्तराची वाट बघत उभी होती. शेवटी उत्तर येत नाही असं ठरलं आणि अण्णांना नेलं.

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे हैबती, असं करतात का? मयताच्या घरचं माणूस आलं की ठशाला हात लावायचा नाही. मान खाली घालायची. कोरं पांढरं कापड द्यायचं. आणि म्हणायचं, झालं ते झालं, मन घट्ट करा."

"मयताच्या घरचं हाय हे वळखायचं कसं, ताई?"

"रडत असतात की रे ती माणसं!"

"ध्यानात ठेवतो, ताई."

दोन दिवस गेले. मुकादमांच्या लेकीचं लग्न होतं. लेकीचा शालू इस्त्रीला दुकानात दिला होता, तो न्यायला मुकादमीणबाई स्वतः आल्या. लेक सासरी जाणार म्हणून सकाळपासून त्यांचे डोळे वाहत होते. दुकानाची पायरी चढताना त्यांनी पदराने नाक पुसलं.

हैबतीने मान खाली घातली.

"झालं ते झालं, काकी. मन घट्ट करा."

"कसं करू रे बाबा," बाई हुंदका देऊन म्हणाल्या. "पोटची पोर हाय."

"पोर व्हय?" हैबतीला खरंच गलबलून आलं. "मग कवा नेनार?"

"सांजच्याला."

"सांजपतुर ठिवू नका, काकी. उनाचं दिवस हैत. लवकर न्यावं."

बाईंचं रडणं जरा कमी झालं. त्या हैबतीकडे बघायला लागल्या. हैबतीने कोरं पांढरं कापड कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवलं.

"खांद्याला मानसं हैत न्हवं? न्हाईतर मी येतो. मला सवय हाय."

दुकानात कापड मोजायचा लोखंडी गज असतो. मुकादमीणबाईंनी तो उचलला. हैबती शहाणा नव्हता, पण त्याला पळता येत होतं.

शालू ताईंनी स्वतः नेऊन दिला, पाया पडल्या, जेवणाच्या पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या तेव्हा कुठे ते घर शांत झालं. परत आल्यावर त्या हैबतीसमोर बसल्या. आता त्यांचा आवाज बराच दमलेला होता.

"अरे हैबती, असं करतात का? गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे आपण ठरवायचं नाही. सरळ विचारायचं, तुमच्या मनात काय आहे? आणि त्याच्या मनात असेल तेच द्यायचं."

"दुसरं कायबी न्हाई?"

"दुसरं काहीही नाही. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही."

"ध्यानात ठेवतो, ताई."

त्यानंतर दुकानात आला तो गुलाबराव. सोबत त्याची माणसं. ताई कापड आणायला शहरात गेल्या आहेत, हे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. ताईंची जरा चेष्टा करावी, एवढ्याच विचाराने तो आला होता.

"या, मालक," हैबती म्हणाला. "तुमच्या मनात काय हाय?"

"माझ्या मनात? तळं बुजवायचं हाय."

"बरं."

"बरं?" गुलाबराव चमकला. "अरं, तुमच्या कुडत्यावर तर 'बुजवू देणार नाही' असं लिवलंय."

हैबतीने कुडता समोर धरला. वाचला. मान हलवली. गुलाबरावाच्या मनात नव्हतं असं त्या कुडत्यावर काहीतरी होतं, यात शंका नव्हती. त्याने कापडाचा तुकडा कापला, 'नाही'वर ठेवला आणि तिन्ही बाजूंनी शिलाई मारली. छान खिसा झाला.

गुलाबरावाने कुडता बघितला. 'तळे बुजवू देणार', आणि पुढे खिसा. त्याने खिशात तंबाखूची पुडी घालून बघितली. व्यवस्थित बसली.

"माझ्या समद्या मानसांना दे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहिले. इकडचे ठिणगी कुडत्यात, तिकडचेही ठिणगी कुडत्यात. घोषणा सुरू झाल्या तेव्हा कोण कुणाचा हे खिसा बघून ओळखावं लागत होतं. कुणीतरी फोटो काढले. शहरातली गिऱ्हाइकं खवळली. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात, असं विचारणारे फोन सुरू झाले आणि पाठोपाठ परतीचे कुडते यायला लागले. गठ्ठ्यांवर गठ्ठे. दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही.

कुमुदताई त्या गठ्ठ्यांच्या मधे बसून रडल्या. हैबतीने पांढऱ्या कापडाकडे हात नेला, पण ताईंनी नुसतं बघितलं तसा मागे घेतला.

"अरे हैबती," ताई म्हणाल्या, "असं करतात का? तो माणूस आपल्या मुळावर उठलाय. तो येताना दिसला की आपलं जे काही आहे ते चटकन गोळा करायचं, गाठोडी बांधायची आणि घरात आणून ठेवायचं. त्याच्या हाती काही म्हणता काही लागू द्यायचं नाही."

"कायबी न्हाई?"

"टिपूससुद्धा नाही!"

"ध्यानात ठेवतो, ताई."

साहेबांच्या पाहणीचा दिवस उजाडला. चैत्र संपत आला होता. तळ्यात पोटरीभर पाणी उरलं होतं, पण होतं. ताईंनी ठरवलं, परत आलेले सगळे कुडते गावाला फुकट वाटायचे. सगळा गाव ते घालून काठावर उभा राहील आणि साहेब बघतील. धंदा बुडाला तर बुडू दे, तळं राहू दे. त्या हे बोलत असताना दुकानातल्या शिंप्यांनी मशीन थांबवून ऐकलं.

"मी साहेबांना आणायला स्टँडवर जाते," त्या हैबतीला म्हणाल्या. "तू गाडीत गठ्ठे भर आणि तळ्यावर थांब. आज तळं तुझ्या हवाली आहे."

हैबतीची छाती भरून आली. त्याच्या हवाली आजपर्यंत कुणी शेळीसुद्धा केली नव्हती. त्याने बैलगाडी भरली, एकही कुडता मागे ठेवला नाही, आणि तळ्यावर आला.

बघतो तर समोरून गुलाबराव येतोय. ट्रॅक्टरवर भलामोठा पंप. साहेब यायच्या आत पाणी उपसून तळं कोरडं करायचं, असा त्याचा डाव होता.

तो माणूस येताना दिसला होता. आपलं जे काही आहे ते चटकन गोळा करायला हवं होतं.

आपलं काय होतं तिथे? पाणी.

"घ्या रं कुडतं!" हैबती काठावर जमलेल्या गावकऱ्यांवर ओरडला.

गावकरी पुढे आले आणि कुडते अंगात घालायला लागले.

"घालू नका, बुडवा! थेंबबी ऱ्हायला न्हाई पायजे. ताईंचा हुकूम हाय!"

ताईंचं नाव घेतल्यावर गाव हलला. जाड सुती कुडते. तळ्यात बुडवायचे, जड झाले की उचलायचे, न पिळता गाठोड्यात बांधायचे, गाडीत घालायचे. गाडी दुकानाकडे पळायची, रिकामी होऊन परत यायची. 'तळे बुजवू देणार नाही' म्हणत म्हणत माणसं तळं उचलत होती.

गुलाबराव पंप उतरवत होता, तो थांबला. थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने पंप परत ट्रॅक्टरवर चढवला, सावलीत बसला आणि हैबतीसाठी स्वतःच्या पैशाने चहा मागवला.

"दमानं घे रं," तो म्हणाला. "साहेब यायला येळ हाय."

जीप आली तेव्हा तळ्यात चिखल होता. चिखलात पाटलांची म्हैस उभी होती आणि इकडेतिकडे बघत होती. ताई जीपमधून उतरल्या. त्यांनी तळ्याकडे बघितलं आणि काठावरच्या दगडावर मटकन खाली बसल्या.

साहेबांनी चष्मा पुसला, परत घातला.

"मला तळ्याची पाहणी करायची आहे," ते म्हणाले. "तळं कुठे आहे?"

हैबती पुढे आला. नखशिखांत ओला, चिखलाने माखलेला. जन्मात पहिल्यांदाच हातून एक काम चोख झालं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"दुकानात हाय, साहेब. घडी घालून फळीवर ठिवलंय," तो म्हणाला. "तुम्हाला कंच्या मापात दावू?"