सरळ धावेतला शेवटचा नंबर

खो-खोच्या जिल्हा निवडीला सरनोबतसाहेब आले ते गळ्यात स्टॉपवॉच अडकवूनच. त्यांनी मुलींना मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पळवलं आणि पहिल्या नऊ जणींचा संघ जाहीर करून टाकला. खेळ कशाला बघायचा? घड्याळ थोडंच खोटं बोलतं!

ढेकळ्यांची सुगंधा सगळ्यात शेवटी आली होती. वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमच्या नऊ जणींतल्या आठ बसवा, नववी माझ्या मागे लावा. मी एकटी पळते. बाद झाले तर गुमान घरी जाते."

साहेब हसले. "होऊन जाऊ दे!"

खो मागून खो पडले. सुगंधा कधी दोघींच्या मधून निसटली, कधी खांबापाशी हुलकावणी देऊन वळली. शिट्टी वाजली तेव्हा नऊ जणी धापा टाकत होत्या आणि तिला कुणाचं बोटही लागलं नव्हतं.

साहेब चिडले. "मग मघाशी पाय काय गहाण ठेवले होतेस?"

"नाही साहेब. मघाशी मला पकडायला कुणी आलंच नाही. मग पळायचं कुणापासून?"

साहेबांनी तिला संघात घेतलं. शेरा मात्र मारलाच: 'खेळ उत्तम. सरळ धावण्यात सुधारणा हवी.'